पडतो आणि पडावा

बचत गटाच्या बैठकीत स्पॅनिश भाषेचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. आमच्या गटातल्या एका ताईंनी लेकीच्या स्पॅनिशच्या वर्गाची फी भरायला गटातून कर्ज घेतलंय. हप्ते वेळेवर येतात, पण मुलगीच म्हणायला लागली, "मला जमत नाही, सोडून देते." मग आम्ही तिलाच बैठकीला बोलावलं. म्हटलं, अडलंय कुठं ते तरी सांग.

अडलं होतं क्रियापदापाशी. पाऊस पडतो, याला स्पॅनिशमध्ये 'युएवे' म्हणतात. पण पडावा अशी इच्छा असेल, तर 'युएवा'. एवढासा फरक! वर्गात सगळं इंग्रजीतून शिकवतात आणि इंग्रजीत असं वेगळं रूप फारसं उरलेलं नाही. त्यामुळे पोरगी नुसती घोकत होती. तेवढ्यात गटातल्या आजी म्हणाल्या, "अगं, पाऊस पडतो आणि पाऊस पडावा, हे का एकच?"

शाळेत आपण यालाच विध्यर्थ म्हणायचो. 'ओखाला युएवा' म्हणजे पाऊस पडू दे रे बाबा. हा 'ओखाला' मूळचा अरबी, देवाच्या मनात असेल तर, अशा अर्थाचा.

सगळंच जुळतं असं नाही हं. 'पाऊस पडेल तेव्हा पेरू' यात आपण 'पडेल' म्हणतो. स्पॅनिशमध्ये तिथंही 'युएवा', कारण पाऊस अजून आलेला नाही. 'पाऊस पडतो तेव्हा पेरतो' ही दरसालची रीत, म्हणून तिथं 'युएवे'. एवढं मात्र तिला लक्षात ठेवावंच लागणार.

शब्दांचंही तसंच. इंग्रजीत पैसे मागितले तरी 'आस्क' आणि भाव विचारला तरी 'आस्क'. स्पॅनिशमध्ये मागणं म्हणजे 'पेदीर', विचारणं म्हणजे 'प्रेगुन्तार'. ती इथं सारखी चुकायची. मराठीतून पाहिलं तर यात चुकण्यासारखं काय आहे?

उलट ओळखीचे वाटणारे शब्दच फसवतात. बटाटा आणि पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश बहिणी-बहिणी, म्हणून कानाला सारखं लागतं. पण स्पेनमध्ये 'बताता' मागितलात तर रताळं मिळेल. बटाटा म्हणजे 'पताता'. आणि 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं, हातात येणारा पगार नव्हे. यावर असा हशा पिकला की त्या दिवशी हप्ते गोळा करायचे राहूनच गेले.

आता ती वहीत इंग्रजीऐवजी मराठीत अर्थ लिहिते. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ताईंचे सात हप्ते बाकी आहेत.