छोट्या आगगाडीचा दिवा

लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या पोरांना आगगाडीचं वेड लागलं तर नवल नाही. कर्जतहून मागून रेटा देत आलेली बँकर इंजिनं लोणावळ्यातच सुटतात. अन् छोट्या गाड्या बघायच्या तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं संग्रहालय आहे, १९९८पासूनचं.

तशीच छोटी गाडी घरी असेल आणि तिच्या इंजिनात दिव्यासाठी एलईडी बसवायचा असेल, तर तो रुळांच्या १२ व्होल्टला थेट जोडू नका; क्षणात जळेल. सोबत रेझिस्टर हवाच. त्याचं गणित सोपं आहे. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो, उरले ९. प्रवाह १० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१ अँपिअर ठेवला, तर ९ भागिले ०.०१, उत्तर ९०० ओहम. दुकानात त्यावरचा सहज मिळणारा आकडा १००० ओहम. त्यावर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असतात. आकडा नेमका मिळाला नाही तर नेहमी वरचाच घ्या. उजेड जरासा कमी, पण दिवा टिकतो. पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो.

डीसी रुळांवर गाडी उलटी धावली की प्लस-मायनस बदलतात. म्हणून पुढचा पांढरा आणि मागचा लाल एलईडी एकमेकांना समांतर, पण उलट्या दिशेनं जोडा आणि दोघांना मिळून एकच रेझिस्टर द्या. गाडी पुढे जाताना पांढरा लागेल, मागे येताना लाल. डाख देण्याआधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर तपासून घ्या, रेझिस्टर लावूनच.