गरीब रुग्णाचा उपचार आणि शासकीय दरसूची
(आरोग्य कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शिबिरातील भाषण)



गरिबाच्या घरी दुखणे एकटे येत नाही. ते कर्जाला बरोबर घेऊन येते. बाळंतपण अडले, अपघातात हाड मोडले अथवा हृदयाचा विकार उद्भवला, की घरातील किडूकमिडूक मोडते, जनावर विकले जाते, मुलीचे शिक्षण थांबते. रोगी बरा होतो, परंतु कुटुंब मात्र कित्येक वर्षे आजारीच राहते. हा अनर्थ टाळण्यासाठी अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या उपचाराचा खर्च शासनाने उचलावा, हा विचार देशात गेल्या काही दशकांत दृढ झाला आहे.

या विचाराला व्यवहाराचे रूप निरनिराळ्या राज्यांत मिळाले. अखंड आंध्र प्रदेशात 2007 साली तीन जिल्ह्यांपासून आरोग्यश्री योजना सुरू झाली. त्यांत महबूबनगर जिल्हा होता. 2008 साली केंद्र शासनाने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. तीत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला 30 हजार रुपयांचे संरक्षण होते. महाराष्ट्रात 2012 साली जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे 23 सप्टेंबर 2018 रोजी रांची येथे आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा प्रारंभ झाला. प्रारंभी सुमारे 10 कोटी 74 लाख कुटुंबे डोळ्यांपुढे ठेवून प्रत्येक कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची हमी या योजनेने दिली. बहुतेक राज्यांत तिच्या खर्चाचे 60 टक्के केंद्र व 40 टक्के राज्य उचलते.

ठोक दर म्हणजे काय?

कार्डावरील 5 लाखांचा आकडा पाहून अनेकांची अशी समजूत होते, की तेवढी रक्कम कुटुंबाच्या नावे कोठेतरी जमा आहे. वस्तुस्थिती तशी नाही. 5 लाख ही केवळ वरची मर्यादा होय. प्रत्यक्षात शासन प्रत्येक उपचारासाठी एक ठोक दर आधीच ठरविते व उपचार झाल्यावर तेवढीच रक्कम रुग्णालयास देते. खाट, परिचर्या, शस्त्रवैद्य व भूलतज्ज्ञ यांचे शुल्क, औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण, दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस व घरी गेल्यानंतरचे 15 दिवस यांचा समावेश त्या दरात असतो. या पद्धतीचा मोठा लाभ असा, की बिल फुगविण्यास वाव राहत नाही आणि रुग्णास एक पैसाही द्यावा लागत नाही.

परंतु या साऱ्या योजनेचा भार त्या एका आकड्यावर उभा आहे, हे ध्यानी घेतले पाहिजे. दर वाजवी असेल तर रुग्णालयाचे दार उघडे राहते. तो अपुरा असेल तर रुग्णाला गोड शब्दांत माघारी पाठविले जाते. “खाट रिकामी नाही”, “यंत्र बंद आहे”, “हा उपचार आमच्याकडे होत नाही” अशी कारणे सांगितली जातात. कोठे कोठे तर औषधाच्या नावाखाली वरची रक्कम हळूच मागितली जाते. कार्ड खिशात असते आणि रुग्णाला मात्र सावकाराकडेच जावे लागते.

जुन्या दरांचा दोष

एकदा योग्य ठरविलेला दर कायम योग्य राहत नाही. परिचारिकांचे वेतन वाढते, विजेचे शुल्क वाढते, प्राणवायू, टाके, औषधे, यंत्रांची दुरुस्ती, सारेच महाग होते. खर्च दरसाल 6 टक्क्यांनी वाढतो असे गृहीत धरले, तर बारा वर्षांत तो दुप्पट होतो. म्हणजे आज 100 रुपयांचा खर्च भागविणारा दर बारा वर्षे न बदलल्यास जेमतेम निम्मा खर्च भागवू शकेल. कागदावर कोणतीही कपात झालेली नसते, आणि तरीही रुग्णालयाच्या हाती पडणारा मोबदला निम्म्यावर आलेला असतो.

शासकीय कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या केंद्रीय आरोग्य योजनेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या योजनेतील बहुतेक दर 2014 साली ठरले होते. 2023 साली बाह्यरुग्ण तपासणीचे शुल्क 150 रुपयांवरून 350 रुपये करण्यात आले व इतर काही दर सुधारले गेले. सुमारे 2,000 उपचारांच्या दरांची व्यापक सुधारणा मात्र ऑक्टोबर 2025 मध्ये झाली. नोकरी व निवृत्तिवेतन असलेल्या वर्गाला, ज्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचतो, त्याला एवढी वाट पाहावी लागली. मग ज्याचा आवाज तालुक्यापर्यंतही पोहोचत नाही, त्या शेतमजुराच्या उपचाराचे दर वेळेवर सुधारले जातील याची दक्षता किती अधिक घ्यावी लागेल!

सुधारणेची वाटचाल

आयुष्मान योजनेच्या पहिल्या दरसूचीवर वैद्यक व्यवसायाकडून टीका झाली. सिझेरियन प्रसूतीसाठी ठरविलेल्या 9,000 रुपयांत शस्त्रवैद्य, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व रुग्णालयाचा खर्च कसा भागावा, हा त्या टीकेतील एक प्रश्न होता. केवळ मागणी होते म्हणून दर वाढविणे जितके अयोग्य, तितकेच मागणी होते म्हणून ती नाकारणेही अयोग्य. खरा उपाय म्हणजे खर्च मोजणे. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या पुढाकाराने अनेक राज्यांतील सरकारी व खाजगी रुग्णालयांत प्रत्येक सेवेस खरोखर किती खर्च येतो याचा अभ्यास झाला, आणि दरांच्या फेरविचारासाठी त्याचा आधार मिळाला.

2019 पासून दरसूचीत टप्प्याटप्प्याने बदल होत गेले. ऑक्टोबर 2021 मध्ये सुमारे 400 उपचारांचे दर सुधारण्यात आले. त्या वेळचे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. सामान्य कक्षाचा दिवसाचा दर 1,800 रुपयांवरून 2,100 रुपये झाला. अतिदक्षता विभागाचा दर 3,600 वरून 8,500 रुपये, व कृत्रिम श्वसनयंत्रासह 4,500 वरून 9,000 रुपये झाला. एकीकडे सतरा टक्क्यांची वाढ, तर दुसरीकडे दुपटीहून अधिक. सर्व दर सरसकट एकाच प्रमाणात वाढविले असते, तर जेथे खरी तूट होती ती भरून निघाली नसती, आणि जेथे तूट थोडी होती तेथे पैसा वाया गेला असता. 2022 साली आणखी एक पाऊल पुढे पडले. शहराचा दर्जा व उपचाराचा स्तर पाहून निरनिराळे दर ठेवण्याची पद्धत आली आणि सूचीतील उपचारांची संख्या 1,949 झाली. मागास ठरलेल्या आकांक्षी जिल्ह्यांतील रुग्णालयांना दहा टक्के अधिक देण्याची तरतूद प्रारंभापासूनच होती. डॉक्टरने शहर सोडून आडगावी यावे असे वाटत असेल, तर अशा उत्तेजनाची गरज आहेच.

सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय असल्यामुळे राज्यांनाही आपल्या परिस्थितीनुसार दरांत फेरबदल करता येतात. तेलंगणाने डिसेंबर 2023 मध्ये आरोग्यश्रीची मर्यादा 5 लाखांवरून 10 लाख केली. परंतु मर्यादा वाढणे आणि दर वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. विहीर खोल केली, पण पोहरा तेवढाच राहिला, तर घरी येणारे पाणी वाढत नाही. म्हणून जुलै 2024 मध्ये त्या राज्याने 1,375 उपचारांचे दर वाढविले व 163 नवे उपचार सूचीत घातले. गुजरातने 2023 साली मर्यादा 10 लाखांवर नेली. तेथेही, किंबहुना सर्वच राज्यांत, मर्यादेबरोबर दरांकडे लक्ष असणे अगत्याचे आहे.

वेळेवर देयक

दर सुधारला तरी पैसे हाती पडले नाहीत, तर सुधारणा कागदावरच राहते. आयुष्मान योजनेच्या नियमानुसार राज्यातील रुग्णाच्या दाव्याची रक्कम 15 दिवसांत, व परराज्यातील रुग्णाच्या दाव्याची 30 दिवसांत मिळावयास हवी. थकबाकी साचली की लहान रुग्णालये प्रथम कोलमडतात. औषधविक्रेत्याला व कर्मचाऱ्यांना ती किती दिवस थांबा म्हणणार? सप्टेंबर 2025 मध्ये तेलंगणातील खाजगी रुग्णालयांनी थकबाकीच्या कारणास्तव आरोग्यश्रीची सेवा काही दिवस थांबविली होती. वाद शासन व रुग्णालये यांचा होता. ताटकळला तो रुग्ण.

सीमाभागातील जनतेला या नियमाचे विशेष महत्त्व आहे. बेळगावकडचा रुग्ण मिरजेला किंवा कोल्हापूरला उपचारासाठी जातो, ही जुनी रीत आहे. आयुष्मान योजनेचा लाभार्थी परराज्यातील संलग्न रुग्णालयातही उपचार घेऊ शकतो. परंतु परराज्यातील देयक रखडले, तर सीमेपलीकडचे रुग्णालय पुढच्या रुग्णाला घेताना मागेपुढे पाहील.

दुसरी बाजू

दर चढे ठेवले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. एखाद्या शस्त्रक्रियेत खर्चाच्या मानाने फार मोबदला मिळू लागला, की गरज नसतानाही ती करण्याचा मोह उत्पन्न होतो. 2008 च्या योजनेत काही राज्यांतून गरीब स्त्रियांची गर्भाशये अनावश्यकपणे काढल्याच्या गंभीर तक्रारी आल्या. अखेर एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयास या प्रकारांना आळा घालण्याविषयी राज्यांना निर्देश द्यावे लागले. त्याच वर्षी महालेखापरीक्षकांच्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नोंदी एकाच दूरध्वनी क्रमांकाशी जोडल्या गेल्याचे दिसून आले. यास्तव दरसुधारणा व तपासणी या दोन्ही बैलांनी जू सारखेच ओढले पाहिजे.

गावाचे कर्तव्य

सरकारी रुग्णालयांनाही या योजनेतून उपचारांची रक्कम मिळते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ती रक्कम रुग्णांच्या सोयींवर खर्च होते की नाही, हे पाहण्याचे साधन म्हणजे रुग्ण कल्याण समिती. या समितीची कल्पना इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, 1994 सालच्या मोठ्या सफाई मोहिमेतून लोकांच्या सहभागाने जन्मली, आणि पुढे देशभर गेली. जेथे समिती आहे, तेथे पंचायतीच्या प्रतिनिधींनी बैठकीस जावे, हिशेब विचारावा.

शिक्षकांनी शाळेतील पालकसभेत तीन गोष्टी समजावून द्याव्यात. एक, सूचीतील उपचारासाठी संलग्न रुग्णालयाने वेगळी रक्कम मागता कामा नये. दोन, पैसे मागितल्यास पावती मागावी व 14555 या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तीन, 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या वृद्धांना उत्पन्नाची अट न ठेवता कार्ड मिळते. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांचे कार्ड काढून घ्यावे.

अधिकाऱ्यांकडून अपेक्षा आहे ती अशी, की रुग्ण नाकारल्याची प्रत्येक तक्रार कारणासह नोंदली जावी. एकाच उपचारासाठी अनेक रुग्णालये नकार देत असतील, तर रुग्णालयांना जाब विचारलाच पाहिजे, परंतु त्याबरोबर दरही तपासला पाहिजे. तालुक्यातील ही साधी नोंदवही दर ठरविणाऱ्यांना ज्या वेळी नियमित मिळू लागेल, त्या वेळी सुधारणेसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागणार नाही. दरसूचीतील आकडे रुक्ष दिसतात खरे. परंतु रात्री अपरात्री अडलेल्या बाळंतिणीला घेऊन गावची गाडी रुग्णालयाशी पोहोचते, तेव्हा दार उघडेल की नाही, हे त्याच आकड्यांवर ठरते.