चोरीस गेलेले वाद्य

चोरीची फिर्याद लिहून घेणारा अंमलदार पहिला प्रश्न विचारतो तो "काय गेले?" हा, आणि दुसरा "किंमत किती?" हा. दागिना गेला असेल तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे सरळ असतात. वजन सांगता येते, सोन्याचा भाव ठाऊक असतो, सराफाची पावतीही कोठे ना कोठे सापडते. परंतु एखाद्या गवयाचा तंबोरा किंवा वादकाची सतार चोरीस गेली, म्हणजे याच दोन प्रश्नांपाशी मोठी पंचाईत होते. "तंबोरा एक, जुना, भोपळ्यासह" एवढे वर्णन कागदावर उतरते आणि त्यापुढे रुपयांचा एक आकडा पडतो. या वर्णनाचे तंबोरे त्या शहरात पन्नास निघतील. गेलेला मात्र एकच असतो, आणि तो कोणता हे ज्याचा गेला त्याच्या कानालाच काय ते माहीत असते.

चोराची मोजणी वेगळी आणि कलावंताची वेगळी. या दोन मोजण्यांतले अंतर किती दारुण ठरू शकते, याचा एक मोठा दाखला मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. तो झाशीचा.

झाशी हे बुंदेलखंडातले शहर. तेथे नेवाळकरांचे मराठी संस्थान होते. महाराणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव १८५३ मध्ये निवर्तले. त्यांना नाटकाचा विलक्षण नाद होता. त्यांनी झाशीत नाटकशाळा चालविली, नट, गवई, वाजविणारे यांना आश्रय दिला. नेवाळकरांनी जमविलेले हस्तलिखित पोथ्यांचे ग्रंथालयही शहरात होते. १८५८ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सर ह्यू रोझ याच्या फौजेने झाशी घेतली आणि त्यानंतर शहराची लूट झाली. त्या वेळी वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत होते. ते दक्षिणा मिळविण्यासाठी कोकणातून उत्तरेकडे गेले होते आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांनी 'माझा प्रवास' या पुस्तकात त्या लुटीचे जे वर्णन केले आहे, ते कोणत्याही सरकारी कागदापेक्षा बोलके आहे.

त्या लुटीला एक क्रम होता. आधी सोने, चांदी आणि रोकड गेली. मग तांब्यापितळेची भांडी गेली. मग कपडालत्ता, मग घरातले धान्य. म्हणजे ज्याचा बाजारात तत्काळ पैसा होतो ते प्रथम, आणि ज्याचा कमी होतो ते नंतर, असा हा हिशेब होता. या हिशेबात पोथीला जागाच नव्हती. म्हणून ग्रंथालय लुटले गेले नाही, त्याची नासधूस झाली. जी वस्तू लुटारूला हवीशी वाटते ती निदान कोठेतरी शिल्लक राहते. जी त्याला निरुपयोगी वाटते ती पायदळी जाते. पोथ्यांची जी गत झाली तीहून नाटकशाळेतल्या साजाची निराळी होण्याचे कारण नव्हते. चांदीच्या कड्या काढून घेतल्यावर पखवाजाचे खोड हे जळणाचे लाकूड, आणि तारा तुटल्यावर सतार म्हणजे एक फुटका भोपळा.

एक फरक मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. पोथ्यांबद्दल हळहळणारा एक जाणता माणूस तेथे हजर होता आणि त्याने पुढे लेखणी उचलली. वाद्यांच्या वाट्याला असा लेखक आला नाही. गोडसे भटजींनी मिळविलेली दक्षिणा अशाच लुटींत हातची गेली. घरी परतताना त्यांच्याजवळ आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड होती, आणि पाहिलेले सर्व काही जसेच्या तसे ठेवणारी स्मरणशक्ती होती. सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, त्यांनी ते लिहून काढले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ते प्रसिद्ध केले. झाशीत काय होते आणि काय गेले हे आज आपणांस ठाऊक आहे ते त्या लिखाणामुळे. गेलेली वस्तू परत आणण्याचे सामर्थ्य लेखणीत नसते. पण ती होती, हे सिद्ध करण्याचे सामर्थ्य लेखणीवाचून दुसऱ्या कशात नसते.

झाशीची लूट युद्धातली होती. परंतु वाद्याची किंमत धातूच्या वजनावर ठरविण्यास फौजच लागते असे नाही. शांततेच्या काळात, राहत्या घरातही तेच घडते. उस्ताद बिस्मिल्लाखाँ २००६ मध्ये काशीत वारले. त्यांच्या मागे त्यांच्या काही सनया कुटुंबात राहिल्या. त्यांतल्या काही चांदीच्या होत्या, मान्यवरांनी त्यांना आदराने दिलेल्या. पंतप्रधान नरसिंह राव यांनी दिलेली सनईही त्यांत होती. २०१६ च्या डिसेंबरात या सनया उस्तादांच्या मुलाच्या घरातून नाहीशा झाल्या. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी छडा लावला, तेव्हा निघाले असे की उस्तादांच्या एका नातवानेच त्या नेऊन सराफांना विकल्या होत्या. विक्रीची रक्कम होती सतरा हजार रुपये. भारतरत्न मिळविणाऱ्या कलावंताच्या सनयांचा चांदीच्या भावाने झालेला हा सौदा होय. पोलिसांच्या हाती सनया आल्या नाहीत, वितळलेली चांदी आली. एक लाकडी सनई तेवढी धड सापडली. ती वितळणारी नव्हती, म्हणून वाचली.

या घटनेतली विसंगती सनई जाणणाऱ्याच्या चटकन ध्यानात येते. सनईचा स्वर चांदीतून निघत नाही. तो पानाच्या पत्तीतून, वाजविणाऱ्याच्या दमातून आणि लाकडी नळीतून निघतो. ज्या वाद्याला स्वराच्या दृष्टीने खरी किंमत होती ते सराफाच्या मुशीत कवडीमोल ठरले आणि त्यामुळेच टिकले. जी वाद्ये सन्मान म्हणून मौल्यवान केली गेली होती, त्यांचे मोलच त्यांच्या जिवावर उठले.

आता याच्या उलट प्रकार पाहू. पाश्चात्य देशांत व्हायोलिनची चोरी हा जुना आणि मोठ्या रकमांचा गुन्हा आहे. ब्रॉनिस्लाव हुबरमन या थोर पोलिश वादकाजवळ १७१३ साली स्ट्राडिव्हारीने बनविलेले एक व्हायोलिन होते. ते १९१९ मध्ये व्हिएन्नात एकदा चोरीस जाऊन परत मिळाले होते. १९३६ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हुबरमन आपल्या दुसऱ्या व्हायोलिनवर वाजवीत असताना, आतल्या खोलीत ठेवलेले हे वाद्य पुन्हा गेले. नेणारा ज्युलियन ऑल्टमन नावाचा एक तरुण वादकच होता. त्याने वाद्याचा रंग बुटाच्या पॉलिशने झाकला आणि जवळजवळ पन्नास वर्षे उपजीविकेसाठी तेच वाजविले. १९८५ मध्ये मरणसमयी त्याने पत्नीपाशी खरे काय ते सांगितले, आणि १९८७ मध्ये ते व्हायोलिन विमा कंपनीच्या स्वाधीन झाले. आज ते जोशुआ बेल हा नामांकित वादक वाजवितो.

येथे चोर जाणता होता. त्याला वाद्य हवे होते, लाकूड नव्हे. म्हणून ते जगले. परंतु ते ओळखले गेले ते चोराच्या जाणतेपणामुळे नव्हे. त्या वाद्याची नोंद होती. कारागिराचे नाव, साल, मापे, लाकडाच्या रेषा, रोगणाची झीज, कोणत्या हातून कोणत्या हाती गेले त्याची वंशावळ, हे सर्व जाणकारांच्या दप्तरी होते. रोमन टोटेनबर्ग यांच्या व्हायोलिनची हकिकतही अशीच आहे. १९८० मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज येथे मैफलीनंतर त्यांचे १७३४ सालचे स्ट्राडिव्हारी चोरीस गेले. ज्याचा त्यांना संशय होता तो वादक पुढे मरण पावला. त्याच्या पूर्वीच्या पत्नीने ते वाद्य किंमत करून घेण्यासाठी एका पारख्याला दाखविले, आणि त्याने पाहताक्षणीच ते ओळखले. २०१५ मध्ये ते टोटेनबर्गांच्या मुलींना परत मिळाले. टोटेनबर्ग स्वतः तीन वर्षांपूर्वीच, एकशे एकाव्या वर्षी, गेले होते. मुलींनी ठरविले की हे वाद्य संग्राहकाच्या कपाटात न जाता वाजविणाऱ्याच्या हाती जावे.

आपल्याकडची वाद्ये या दृष्टीने पाहिली तर चित्र निराळे दिसते. ती व्यक्तिविशिष्ट नाहीत असे नव्हे. उलट अधिकच आहेत. मिरजेचे उदाहरण घ्यावे. पटवर्धनांच्या संस्थानात हत्यारे घडविणाऱ्या शिकलगारांनी, एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचा धंदा मंदावल्यावर, तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. फरीदसाहेबांपासून ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पंढरपूरच्या परिसरात पिकणारा भोपळा, तुणाचे लाकूड, घोडीवर काढलेली जवारी, या प्रत्येकात कारागिराचा हात आणि गाणाऱ्याची मागणी उतरलेली असते. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ आपल्या तंबोऱ्यांची दुरुस्ती स्वतः करीत. त्यांना हवा असलेला झंकार दुसऱ्याच्या तंबोऱ्यात सापडला नसता. वर्षानुवर्षे एकाच गळ्याबरोबर वाजलेला तंबोरा त्या गळ्याचा सोबती होऊन बसतो. तो चोरीस गेला म्हणजे गवयाला नवा तंबोरा विकत मिळतो. पण सोबत मिळत नाही.

एवढे असूनही त्याची नोंद कोठे असते? कारागिराच्या स्मरणात आणि मालकाच्या कानात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याने मिरज या नावाचे रक्षण होते, अमुक एका तंबोऱ्याचे नव्हे. तो कारागीर गेला, तो गवई गेला, की वाद्याची ओळखही त्यांच्याबरोबर जाते. मग ते कोणी चोरो वा अडगळीत टाको, परिणाम एकच.

अशा हानीला कलावंतांनी कसे तोंड दिले, हेही पाहण्यासारखे आहे. हुबरमनने शोक केला असेलच. पण त्याच १९३६ च्या अखेरीस त्याने, युरोपात छळ सोसणाऱ्या ज्यू वादकांना बाहेर काढून, पॅलेस्टाइनमध्ये एक वाद्यवृंद उभा केला. वाद्य गेलेल्या माणसाने कितीतरी वादकांचे प्राण वाचविले. चोरीस गेलेले व्हायोलिन त्याच्या हयातीत परत आले नाही. उस्ताद अमजद अली खाँ यांची कित्येक वर्षे वाजविलेली सरोद २०१४ मध्ये लंडनहून दिल्लीस येताना विमानप्रवासात गहाळ झाली. त्यांनी गप्प न बसता ती गोष्ट चारचौघांत मांडली, बोभाटा झाला आणि काही दिवसांत सरोद परत आली. त्यांच्याच घराण्याने, झाशीपासून शंभर किलोमीटरांवर असलेल्या ग्वाल्हेरीत, उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित वास्तूत 'सरोद घर' हे संग्रहालय केले आहे. पूर्वजांची वाद्ये तेथे नावनिशीवार जपली आहेत. शोक, गवगवा आणि जतन, हे तिन्ही मार्ग आपापल्या जागी योग्यच आहेत.

तथापि सर्वच वाद्ये काचेच्या कपाटात ठेवता येणार नाहीत, आणि ठेवूही नयेत. न वाजणारा तंबोरा हळूहळू मुका होतो. वाद्य प्रवासाला निघणारच, रेल्वेच्या फलाटावर उतरणारच, परक्या बिऱ्हाडी रात्र काढणारच. म्हणून ज्याच्याजवळ जुने वाद्य आहे, मग तो कीर्तनकार असो, घरी रियाज करणारी गृहिणी असो वा नामांकित कलावंत असो, त्याने एक साधी गोष्ट करावी. एक वही घालावी. वाद्य कोणी घडविले, कोणत्या साली, कोणाकडून आपल्याकडे आले, लांबी किती, भोपळ्याचा घेर किती, चीर कोठे पडून कोणी सांधली, जवारी कोणी काढली, ते तीत लिहावे. चारी बाजूंची छायाचित्रे चिकटवावीत. वाद्याचा आवाज मुद्रित करून ठेवावा. या सर्वांची एक प्रत गुरुबंधूकडे किंवा शिष्याकडे द्यावी. चांदीची कडी वा हस्तिदंती नक्षी असेल तर तिच्या वजनाचा उल्लेख अखेरीस करावा, कारण चोर तेथूनच आरंभ करतो.

या वहीने चोरी थांबेल असे नाही. काशीच्या सनया घरातल्याच हाताने गेल्या, त्यापुढे कोणते कुलूप पुरे पडणार! पण पुढच्या वेळी "किंमत किती?" हा प्रश्न येईल तेव्हा उत्तर देणाऱ्याजवळ वजनाखेरीज दुसरेही काही असेल. वाद्य सराफाच्या वा जुन्या बाजारातल्या दुकानदाराच्या हाती पडले, तर ते कोणाचे आहे हे सांगणारा कागद असेल. आणि घरातल्या मुलालाही ती वही वाचून कळेल की कोपऱ्यात उभे असलेले ते जुने लाकूड आजोबांच्या गळ्याबरोबर तीस वर्षे बोलत होते. एवढे ज्याला कळले, तो ते सतरा हजारांना विकण्यापूर्वी निदान एकदा थांबेल.