घरची हद्द कोण राखणार?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



फौजी माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना लढाईची गोष्ट हवी असते. मी मात्र न झालेल्या लढाईबद्दल बोलणार आहे.

१९८८ साली मी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो. ट्रेनिंग बेळगावला झालं. ‘कर्तव्य, मान, साहस’ हे आमच्या रेजिमेंटचं बोधवाक्य. त्यातला पहिला शब्द किती जड आहे, हे मला २००२ साली कळलं.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं. आमची पलटण राजस्थानच्या सरहद्दीवर गेली. मोर्चे खोदले, सुरुंग पेरले आणि हुकमाची वाट बघत बसलो. ती वाट ऑक्टोबर २००२ पर्यंत बघितली. मधे १४ मे ला जम्मूजवळ कालूचकला अतिरेकी लष्करी वसाहतीत शिरले आणि त्यांनी जवानांच्या बायकापोरांना मारलं. त्या रात्री आमच्यात कुणाला जेवण गेलं नाही.

पुढे पंधरा दिवसांनी माझ्या बायकोचं पत्र आलं. शेजारच्या शेतकऱ्यानं आमचा बांध कोरून दोन सऱ्या आत घेतल्या होत्या. आबा विचारायला गेले, तर तो अंगावर धावून आला. रात्री घरावर दगड पडले. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. शेवटी तिनं लिहिलं होतं, “तुम्ही काळजी करू नका.” त्या ओळीनंच माझी झोप उडाली.

रजा बंद होती. एकजण म्हणाला, “रात्रीची गाडी धर, आठ दिवसांत परत ये.” अशा वेळी पळून जाण्याला लष्करी कायद्यात मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. पण खरं सांगतो, मला शिक्षेच्या भीतीनं थांबवलं नाही. मी गेलो असतो तर माझ्या वाट्याची गस्त सेक्शनमधल्या दुसऱ्या कुणालातरी करावी लागली असती, आणि त्याच्याही घरी म्हातारे आईबाप होतेच.

सी.ओ. साहेबांनी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. पण कागद पोहोचून हलेपर्यंत घरी कोण? मी एस.टी.डी. बूथवरून आपल्या वर्गातल्या एका मित्राला फोन केला. तो आज समोरच बसलाय. नाव घेऊ नको म्हणालाय. त्यानं एवढंच विचारलं, “आबा जेवले का, ते बघून येऊ का आधी?” त्या रात्रीपासून तीन आठवडे आपल्या बॅचची पोरं पाळीपाळीनं आमच्या पडवीत झोपायला गेली. कुणी आबांना तालुक्याला नेऊन मोजणीचा अर्ज भरला. मोजणीच्या दिवशी माझी बायको उन्हात शेवटचा दगड रोवेपर्यंत बांधावर उभी होती. आमची हद्द तिनं राखली.

उद्या कुणी विचारलं, “आबांना मार बसला असता तरी तू तिथंच राहिला असतास का?” तर याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. २०१४ ला नायब सुभेदार म्हणून घरी आलो, तरी नाही.

म्हणून तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. एक, फौजीच्या पाठीशी कायदा आहे. १९२५ चा सैनिक दावा कायदा अजून लागू आहे. जवान युद्धासारख्या विशेष परिस्थितीत तैनात असेल, तर योग्य दाखला दिल्यावर त्याच्याविरुद्धचा दिवाणी किंवा महसुली दावा त्याच्या माघारी पुढे रेटता येत नाही. खटल्यासाठी तो रजेवर आला असेल, तर शक्यतो त्या रजेतच सुनावणी घ्यावी, असंही लष्करी कायदा सांगतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशा कुटुंबांसाठीच असतं. पण हे घरच्या बाईमाणसाला कुणीतरी जाऊन सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट. कायदा रात्री पडवीत झोपायला येत नाही. ते काम शेजाऱ्याचं आणि वर्गमित्राचं.

आज आपल्या शाळेतली कितीतरी मुलं फौजेत आहेत. माजी विद्यार्थी संघानं त्यांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढं, त्याच्या घराजवळ राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचं नाव आणि फोन नंबर लिहावा. त्यातल्या पहिल्या तीन घरांपुढं माझं नाव लिहा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!