सॅन स्टॉर्म घ्यायची? आधी गाडीखाली शिरा

रविवारी सकाळी छत उघडून आपल्या राजूर घाटातून मोताळ्याकडे उतरायचं, ही माझी जुनी हौस. परदेशी क्लासिक आयटीच्या पगारातही परवडत नाही. मग उरते सॅन स्टॉर्म. १९९८ ची, गोव्यात बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, फायबरग्लासची बॉडी.

मेख या बॉडीतच आहे भाऊ. फायबर गंजत नाही, त्यामुळं रंग मारला की पंचवीस वर्षांची गाडीही शोरूममधून आल्यासारखी दिसते. पण खालची फ्रेम लोखंडाचीच ना! गाडी समुद्राकाठी राहिली असेल तर ती फ्रेम आतून खाल्लेली असू शकते. फोटो बघून टोकन देऊ नका. गाडी लिफ्टवर चढवा, टॉर्च घ्या, जोडांवर स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा. पापुद्रे निघाले तर सरळ घरी या.

मग कागद. आरसी १५ वर्षांची, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण. संपली असेल तर आधी मालकालाच करायला लावा. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, आणि एमएच-२८ नंबरसाठी इथला रोड टॅक्स. चेसिस नंबर स्वतः वाचा.

बाबा म्हणतात, "एवढ्यात विहिरीचं काम झालं असतं." खरंय त्यांचं. मी बजेट अर्धं गाडीला, अर्धं पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला ठेवलंय. पुढच्या शनिवारी एक गाडी बघायला जातोय, चिखलीचा मेकॅनिक सोबत घेऊन.