ईदनंतरचे किलोमीटर



आपल्यापैकी काहींचे अब्बा, चाचा पन्नाशीनंतरही स्पर्धेत धावतात. डिसेंबरच्या वसई-विरार मॅरेथॉनसाठी त्यांचं वेळापत्रक मात्र मोबाइलवर आपण करून देतो. म्हणून हे तुमच्याशी बोलतोय.

‘आठवड्याला दहा टक्केच वाढवा’ असं सगळे सांगतात. २०२५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंचा अभ्यास आला. त्यात दुखापती वाढल्या त्या आठवड्याच्या बेरजेमुळे नाही. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावण्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त अंतर एकाच दिवशी घेतलं, तिथे धोका वाढला.

तीस दिवस म्हणजे आपला रमजानच. रोज्यांत अब्बा एका वेळी जास्तीत जास्त ५ किलोमीटर धावले असतील, तर ईदनंतर हिशेब ५ पासूनच. शाबानमध्ये १५ धावत होते, ते विसरा. पुढचा टप्पा साडेपाचच्या आत. दम लवकर परत येतो. पोटऱ्या आणि टाचा सावकाश तयार होतात, उतारवयात तर आणखी सावकाश. सकाळी टाच आखडली, तर त्या दिवशी फक्त चालणं.

आणि जागा. चारोटीचा महामार्ग सपाट आहे, पण तो वाहनांचा. फौजा सिंग यांनी ८९व्या वर्षी पहिली मॅरेथॉन पूर्ण केली. २०२५ मध्ये पंजाबात महामार्गावर मोटारीच्या धडकेने ते गेले. फजरनंतर नीट उजाडू द्या. गावातल्या रस्त्याने, उजव्या कडेने धावा, म्हणजे समोरची गाडी दिसते.

अब्बांना थांबवू नका. त्यांचा हिशेब नीट ठेवा.