गुडघ्याची गोळी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या संमेलनात आरोग्यासंबंधी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या चालकांनी मला केली, तेव्हा मी एखादा भारदस्त विषय निवडीन असे त्यांना वाटले असावे. मी निवडलेला विषय त्या मानाने फारच साधा आहे. आपणां प्रत्येकाच्या घरी कपाटाच्या खणात अथवा स्वयंपाकघरातील एखाद्या डब्यात अंगदुखीच्या गोळ्यांची जी पट्टी पडलेली असते, तिच्याविषयीच मी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एक वृद्ध बाई माझ्याकडे आल्या. चेहरा पांढरा फटक पडलेला, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागे. कोणते औषध चालू आहे असे विचारता त्या म्हणाल्या, “औषध कसले, डॉक्टर? आपली ती गुडघ्याची गोळी, तेवढीच.” ती गोळी त्या दुकानातून आणून दोन वर्षे रोज घेत होत्या. पोटात व्रण होऊन त्यातून थोडेथोडे रक्त जात होते आणि शौचास काळे होई, परंतु पोट कधी दुखले नव्हते. रुग्णालयात रक्त द्यावे लागले, तेव्हा त्या वाचल्या. बऱ्या झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “पण त्या गोळीने मला बरे वाटत होते हो!”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि सारी अडचण तेथेच आहे. गोळीने दुखणे थांबले हे घेणाऱ्याला अर्ध्या-एक तासात कळते. त्याच गोळीने होणारा अपाय मात्र पुष्कळदा त्याला कळत नाही, आणि कित्येकदा त्याच्या डॉक्टरलाही कळत नाही. तो कळण्याचा एकच मार्ग आहे: हजारो रोग्यांची प्रामाणिकपणे केलेली मोजदाद. आजच्या व्याख्यानात मला एवढीच एक गोष्ट सांगावयाची आहे.

या औषधांची कुळकथा जुनी आहे. इंग्लंडातील एडवर्ड स्टोन नावाच्या धर्मोपदेशकाने विलो वृक्षाच्या सालीचे चूर्ण ताप आलेल्या माणसांना देऊन पाहिले आणि १७६३ साली तो अनुभव लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून कळविला. त्याच जातीच्या द्रव्यापासून १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत आजची ॲस्पिरिन तयार झाली आणि १८९९ पासून ती त्या नावाने विकली जाऊ लागली. पुढे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन अशी तिची भावंडे निघाली. ही औषधे नुसते दुखणे थांबवीत नाहीत, तर सूज आणि दाहही कमी करतात. पण ती हे कार्य नेमके कसे करतात, हे १९७१ सालापर्यंत कोणासही ठाऊक नव्हते. त्या वर्षी लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की, शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची जी द्रव्ये तयार होतात, त्यांची निर्मितीच ही औषधे रोखतात. या संशोधनाबद्दल त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक अन्य दोन शास्त्रज्ञांसमवेत मिळाले.

आता गंमत अशी की, जी द्रव्ये सांध्यात सूज आणि वेदना उत्पन्न करतात, त्यांचीच भावंडे जठराच्या आतील अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणजे घरात त्रास देणाऱ्याला हाकलण्यासाठी सर्वांनाच बाहेर काढावे आणि मग पहारेकरीही गेला म्हणून हळहळावे, तसे हे होते. १९९० च्या सुमारास असे आढळले की, ही द्रव्ये तयार करणारी एन्झाइमे दोन प्रकारची आहेत. त्यांपैकी पहिले मुख्यतः जठराचे रक्षण करते, तर दुसरे मुख्यतः दाहाच्या जागी निर्माण होते. तेव्हा केवळ दुसऱ्यालाच अडविणारे औषध शोधले तर वेदना जाईल आणि पोट शाबूत राहील, असा विचार साहजिकच पुढे आला. १९९८ च्या अखेरीस सेलेकॉक्सिब आणि १९९९ साली मर्क कंपनीचे रोफेकॉक्सिब, ही दोन औषधे अमेरिकेत मान्य झाली.

रोफेकॉक्सिबची एक मोठी चाचणी ८,०७६ संधिवाताच्या रोग्यांवर घेण्यात आली व २००० च्या नोव्हेंबरात तिचा निबंध प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रोग्यांचे दोन गट करून एकास रोफेकॉक्सिब व दुसऱ्यास जुने नॅप्रॉक्सेन दिले होते. नव्या औषधाने पोटाचे अपाय निम्म्याहून कमी झाले. परंतु त्याच निबंधात असेही नमूद होते की, हृदयविकाराचा झटका नव्या औषधाच्या गटात शंभरी ०.४ जणांना आला, तर जुन्याच्या गटात ०.१ जणांना. याचा अर्थ काय लावावयाचा? नॅप्रॉक्सेन हेच हृदयाचे रक्षण करीत असावे, असा खुलासा करण्यात आला. तो अगदीच अशक्य नव्हता. तुलनेसाठी औषधविरहित गोळी घेणारा तिसरा गट नसल्यामुळे तो पारखून पाहण्याची सोयच नव्हती.

पुढे २००५ च्या डिसेंबरात, ज्या नियतकालिकात हा निबंध आला होता त्याच्याच संपादकांनी जाहीर केले की, रोफेकॉक्सिबच्या गटातील तीन झटके त्या निबंधात धरलेलेच नव्हते. पोटाच्या अपायांची मोजणी ज्या दिवसापर्यंत केली, त्याच्या एक महिना आधीच हृदयाच्या अपायांची मोजणी थांबविण्यात आली होती, हेही उघडकीस आले. एकाच तराजूची दोन पारडी दोन वेळा पाहावीत, तसा हा प्रकार होय.

येथे मला एक गोष्ट आपल्यापुढे कबूल केली पाहिजे. आपल्या देशातही ते औषध अनेक कंपन्यांनी निरनिराळ्या नावांनी विकावयास आणले होते, आणि मीही ते रोग्यांना लिहून देत होतो. पोटाला सौम्य म्हणून विश्वासाने देत होतो. त्या रोग्यांपैकी कोणास त्यापायी हृदयविकार झाला काय, हे मला आजतागायत सांगता येत नाही. सांगता येणे शक्यही नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मर्क कंपनीने त्या औषधाची आणखी एक चाचणी मोठ्या आतड्यातील गाठींसंबंधी चालविली होती. तीत २,५८६ माणसे होती, व या वेळी तुलनेसाठी औषधविरहित गोळी होती. रक्ताची गुठळी होऊन हृदय, मेंदू अथवा रक्तवाहिन्यांना झालेला अपाय औषधाच्या गटात ४६ जणांना, तर दुसऱ्या गटात २६ जणांना आढळला. वर्षाच्या हिशेबाने सांगावयाचे तर शंभर माणसांमागे एका बाजूस १.५० आणि दुसऱ्या बाजूस ०.७८. हा फरक मोठा खरा. पण माझ्यासारख्या डॉक्टरने ते औषध शंभर रोग्यांना वर्षभर दिले असते, तरी त्याच्या दृष्टीस पुरा एक जादा रोगीही पडला नसता. आणि पडलाच असता, तर साठीच्या माणसाला हृदयविकार झाला यात नवल ते काय, असेच तो म्हणाला असता. लाखो लोकांनी घेतलेल्या औषधात मात्र हाच फरक हजारो घरांचा आकांत ठरतो. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने ते औषध जगभरच्या बाजारातून काढून घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारत सरकारनेही त्यावर बंदी घातली.

मग जुनी औषधे तरी निर्धोक आहेत काय? २०१३ साली शेकडो चाचण्यांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष लॅन्सेट या नियतकालिकात आला. त्यात असे दिसले की, मोठ्या मात्रेने डायक्लोफेनॅक किंवा नव्या वर्गातील औषध वर्षभर घेणाऱ्या एक हजार माणसांत, हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर अपाय सुमारे तीन जणांना अधिक होतात व त्यांपैकी एक प्राणास मुकतो. नॅप्रॉक्सेनने हृदयाचा धोका वाढल्याचे दिसले नाही. परंतु पोटातील रक्तस्रावासारखे अपाय या सर्वच औषधांनी वाढतात. उलट २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २४,०८१ रोग्यांच्या चाचणीत, माफक मात्रेतील सेलेकॉक्सिब हृदयाच्या दृष्टीने आयब्युप्रोफेन व नॅप्रॉक्सेनपेक्षा वाईट ठरले नाही. मात्र त्या चाचणीत दोन-तृतीयांशांहून अधिक रोग्यांनी औषध मध्येच सोडले होते, हेही विसरता कामा नये. तात्पर्य, नवे ते वाईट आणि जुने ते चांगले असा सोपा निवाडा येथे चालत नाही. हृदय, पोट आणि मूत्रपिंड यांपैकी कोणाचे काय नाजूक आहे, हे पाहूनच औषध ठरवावे लागते.

भगिनींनो, आपणांस भिवविण्याचा माझा हेतू नाही. पाय मुरगळला म्हणून निरोगी तरुणाने दोन-तीन दिवस गोळी घेतली, तर सहसा काही बिघडत नाही. दुखणे मुकाट्याने अंगावर काढावे, असेही माझे सांगणे नाही. आपल्या घरांतून स्त्रियांनी ते पुरेसे काढलेले आहे. परंतु साठी उलटलेल्यांनी, पूर्वी पोटात व्रण झालेल्यांनी, हृदयविकार, रक्तदाब अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ही गोळी डॉक्टरला विचारल्यावाचून घेऊ नये. रक्तदाबाची काही औषधे, लघवी वाढविणारी गोळी आणि वेदनाशामक, ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर विशेष ताण पडतो. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये, कारण रक्तस्रावाचे भय वाढते. त्या तापात योग्य प्रमाणात पॅरासिटामॉलच द्यावे. लहान मुलांना मोठ्यांच्या पट्टीतील गोळी मोडून देऊ नये. नायमेसुलाइड हे औषध तर बारा वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्याकडे २०११ पासूनच मनाई आहे.

आणखी एक सूचना. निरनिराळ्या नावांच्या दोन पट्ट्यांत पुष्कळदा एकच औषध असते. म्हणून पट्टीवरील मोठे नाव न पाहता बारीक अक्षरांतील औषधाचे नाव पाहावे. वडीलधाऱ्यांना ते वाचता येत नसेल तर नातवंडांनी वाचून दाखवावे आणि घरातील सर्व गोळ्यांची यादी कागदावर लिहून डॉक्टरपुढे ठेवावी. त्या यादीत गुडघ्याची गोळी अवश्य असावी. शौचास काळे होणे, पायांवर सूज येणे, लघवी कमी होणे, छातीत दुखणे अथवा धाप लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास गोळी बंद करून तत्काळ डॉक्टरकडे जावे.

शेवटी, मोजदाद ही केवळ परदेशातील शास्त्रज्ञांनीच करावयाची गोष्ट नव्हे. औषधांच्या अपायांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय उपक्रम आपल्या देशात २०१० पासून चालू असून गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन त्याचे काम पाहते. रोग्यालाही तेथे स्वतः कळविता येते. माझ्याकडे आलेल्या त्या बाईंचा अपाय कागदावर उतरला असता, तर तो दुसऱ्या एखाद्या वृद्धेच्या कामी आला असता. ती नोंद मी त्या वेळी केली नाही, ही माझी चूक होय. आपण ती करू नये, म्हणून आज हे सर्व सांगितले.

 घरी गेल्यावर तेवढा तो डबा उघडून पाहावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.